फाल्गुन लागला की फॅट पडते: शोध गव्हाणीपासून घ्या

महाशिवरात्र झाली की आमच्या गोठ्यात एक ठरलेला प्रकार सुरू व्हायचा. दूध तेवढंच, उलट लिटर-अर्धा लिटर जास्तच. पण दूध संकलन केंद्रावरच्या पावतीवर फॅट, म्हणजे दुधातल्या चरबीची टक्केवारी, ३.७ वरून ३.४, मग ३.१, आणि पाडव्याच्या आत २.९. चार संकरित गायी, चौघींचं एकदम. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (चरबी सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरतो, त्याच्या खाली गेलं की पॉइंटागणिक कपात. म्हणजे दाणा (पेंड, भरडा, कोंडा) जास्त, राबणूक तीच आणि पगार कमी. हे सलग तीन वर्षं झालं.

आमचा भाग भूम तालुक्यातला, खव्याच्या भट्ट्यांचा. थोडं दूध आम्ही शेजारच्या भट्टीवरही घालतो. तिथले मामा कागदावरची फॅट बघत नाहीत, कढई बघतात. गायीच्या साधारण साडेपाच लिटरांत किलोभर खवा उतरतो, तिथं आमचं दूध सहाला टेकलं. मामा खुरपी फिरवत म्हणाले, "का रं, पाणी घालाया लागलास का?" केंद्राची कपात सोसली होती, हा प्रश्न मात्र झोंबला.

पहिल्या वर्षी मी मशीनवर संशय घेतला. दुसऱ्या वर्षी दुकानातून ताकदीच्या औषधाच्या बाटल्या आणल्या, पेंड वाढवली, आणि फॅट आणखी पडली. तिसऱ्या वर्षी ताणकाटा आणला आणि गव्हाणीत पडणारं सगळं तोलून बघितलं. त्यात जे सापडलं ते, आणि नंतर दोन-चार गोठ्यांत फिरून जे कळलं ते, इथे लिहितो.

आधी नमुना खरा आहे का?

हे वगळून पुढं जाऊ नका. धारेचं पहिलं दूध पातळ असतं, फॅट एक-दोन टक्केच. शेवटच्या धारांत ती पाच-सहाच्याही वर जाते. तुम्ही घाईत कास अर्धवट सोडत असाल किंवा शेवटचं सड वासराला ठेवत असाल, तर साय वासरू पितंय आणि केंद्रावर निवळी जातेय. वासराला पाजायचंच असेल तर सुरुवातीला पाजा. दुसरं, कॅन न ढवळता वरून किंवा तोटीतून घेतलेला नमुना काहीही सांगू शकतो. तिसरं, सकाळ-संध्याकाळ. रात्रीचं अंतर मोठं असेल तर सकाळी दूध जास्त आणि फॅट कमी लागते, त्यामुळे आजच्या सकाळची तुलना कालच्या संध्याकाळशी करू नका. मी आठवडाभर चारही गायींचा वेगवेगळा नमुना नीट ढवळून तपासून घेतला. मशीन बरोबर होतं.

पावतीवर नक्की काय पडलंय?

लोक "फॅट लागेना" म्हणतात आणि पावती बघितली की भलतंच निघतं. फक्त फॅट पडली, दूध आणि एसएनएफ जागेवर आहे, तर बहुतेक वेळा चाऱ्यातला तंतू कमी पडलाय किंवा दाणा डोईजड झालाय. एसएनएफ पडलं तर जनावराच्या पोटात एकूण ऊर्जाच कमी जातेय, उन्हाळ्यात हे हमखास होतं. फॅट छान, पण दूधच आटलं, तर प्रथिनं आणि पाणी बघायचं. तिन्ही गोष्टींवर एकच बाटली चालत नाही, पण दुकानात तिन्हींना एकच मिळते.

आमचं पहिल्या प्रकारातलं होतं.

तोललेला दिवस

गायीचं वजन काढायला साधी मोजायची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजायचा, आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या माकडहाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, उत्तर किलोत. आमच्या मोठ्या गायीचा घेर ६८ आणि लांबी ५८, म्हणजे ४०६ किलो. चारशे धरू. दुभत्या संकरित गायीला वजनाच्या साधारण तीन टक्के कोरडा घास लागतो, म्हणजे पाणी वजा करून बारा किलो. हे "पाणी वजा करून" महत्त्वाचं आहे. कडब्यात दहा टक्केच पाणी असतं, कोवळ्या मक्यात ऐंशीच्या वर. तीस किलोचा हिरवा भारा डोळ्यांना डोंगर दिसतो आणि त्यात खाण्याचा ऐवज साडेचार किलो निघतो.

त्या दिवशी त्या गायीच्या पोटात गेलं ते असं: कडबा एक किलो, कोवळा मका तीस किलो, आणि पेंड, मका भरडा, कोंडा मिळून सात किलो आंबोण. पाणी वजा केलं की कडब्याचे ०.९, मक्याचे ४.५ आणि आंबोणाचे ६.३. एकूण ११.७. पोट भरलं होतं, हिशोब जवळजवळ बरोबर होता. पण अर्ध्याहून जास्त घास दाण्याचा झाला होता. दाणा एक हिस्सा आणि चारा दोन हिस्से असं बसायला पाहिजे, फार दुधाळ गायीला निम्मा-निम्मा ही शेवटची हद्द. आम्ही ती ओलांडून वर कोवळा मका घालत होतो, ज्यात चावण्यासारखं काही नाही.

आणि कडबा एकच किलो का? तर फाल्गुनात ज्वारीची काढणी होते, नवा कडबा येतो, पेंढ्या बांधल्या जातात, गंजी लागते. आमच्या वडिलांनी १९७२ चा दुष्काळ बघितलाय. गंजी लागली की तिला हात लावायचा नाही, पावसाळ्याला राहू दे, पुढचं वर्ष कसं जाईल सांगता येत नाही. त्यात आमच्याकडं सोयाबीन वाढल्यापासून ज्वारीचं रान आक्रसलं, कडब्याचा शेकडा (शंभर पेंढ्यांचा भाव) महाग झाला. तेव्हा विहिरीला पाणी आहे तोवर हिरवं कापून घाला आणि कमी पडेल तिथं पेंड वाढवा, हा घरातला ठराव. दरवर्षी कडबा घरात आला की गायींच्या तोंडातला कडबा जायचा. म्हणून चौघींचं एकदम, आणि म्हणून दर फाल्गुनात.

तंतूचा आणि फॅटचा संबंध काय?

गायीचं पहिलं पोट, कोठीपोट, हा शे-दीडशे लिटरचा आंबवण्याचा हौद आहे. आपण गायीला चारतो हे अर्धंच खरं, आपण त्या हौदातल्या जिवाणूंना चारतो आणि गाय त्यांच्यावर जगते. जिवाणू तंतू आंबवतात तेव्हा मुख्यतः ॲसेटिक आम्ल तयार होतं, कास त्यातून दुधाची चरबी बनवते. दाणा आंबवतात तेव्हा प्रोपिऑनिक आम्लाचा वाटा वाढतो, त्यातून ऊर्जा आणि दूध वाढतं, फॅट नाही. आमचं लिटर-अर्धा लिटर दूध वाढून फॅट पडत होती ते याचसाठी.

दुसरा भाग रवंथाचा. गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते आणि त्या लाळेत खायचा सोडाच असतो. लांब, खरबरीत चारा असेल तर रवंथ होतो, रवंथ झाला तर लाळ सुटते, लाळेनं हौदातला आंबटपणा ताब्यात राहतो. चारा पिठासारखा बारीक, दाणा एकदम साडेतीन किलो ओतलेला, की हौद आंबट होतो. तंतू पचवणारे जिवाणू आधी मरतात, आंबटपणा जास्तच वाढला तर गाय खाणं सोडते, पातळ हगते, महिन्या-दोन महिन्यांनी खूर दुखायला लागतात.

हे तपासायला प्रयोगशाळा नको. दुपारी गायी बसल्या की मोजा. बसलेल्यांपैकी निम्म्यांची तरी तोंडं हलत असली पाहिजेत, आणि एका घासाला पन्नास ते सत्तर वेळा चावा. आमची मोठी गाय चौतीस-पस्तीसला घास गिळत होती. मग शेण. मूठभर ताजं शेण जुन्या चाळणीत घेऊन वर पाणी ओतत राहायचं, हिरवा रंग निघून गेला की चाळणीत जे उरतं ते बघायचं. आमच्या चाळणीत मक्याचे अख्खे कण आणि पांढरट भरडा उरला. बायको म्हणाली, "हे तर पोत्यातलंच परत आलंय." एवढ्या पेंडेचा आणि भरड्याचा एक हिस्सा आम्ही उकिरड्यावर टाकत होतो.

कुट्टी मशीनचं पातं

हे लिहायलाच हवं, कारण दोन गोठ्यांत सगळं बरोबर असून दोष इथं सापडला. कुट्टी केली, म्हणजे चाऱ्याचे तुकडे केले, की वैरण वाया जात नाही म्हणून सगळे मशीन घेतात, आणि ते खरंही आहे, अख्खा कडबा टाकला की ताटांचे बुडखे गव्हाणीत राहतात. पण "बारीक केलं की चांगलं पचतं" या समजुतीनं पातं पाव इंचावर लावतात. कुट्टी एक ते दीड इंच असू द्या. मूठ भरून दाबली तर हाताला टोचली पाहिजे. तळहाताला मऊ लागली तर ती गायीच्या पोटालाही मऊच लागणार.

बदल काय केला?

कडबा एकाचा चार किलो केला. मका फुलोऱ्यानंतर, दाणा दुधात आल्यावर कापायला लागलो आणि तो वीस किलो. आंबोण सात किलोचं पाच. हिशोब साधा आहे: शरीराला किलो-दीड किलो, आणि गायीच्या दर अडीच लिटर दुधाला एक किलो. म्हशीला दर दोन लिटरला एक. दहा लिटरच्या गायीला एक अधिक चार. पाणी वजा करून ३.६, ४ आणि ४.५, बारा किलो झाले. आंबोण दोनदा द्यायचो, ते तीनदा केलं, आणि प्रत्येक वेळी आधी कुट्टी, मग आंबोण. उपाशी पोटी दाणा नाही.

हे सगळं एका दिवसात केलं नाही. जिवाणूंची वस्ती बदलायला दहा-पंधरा दिवस लागतात, चारा त्याच चालीनं बदलायचा. मधल्या काळात दिवसाला शंभर ग्रॅम खायचा सोडा आंबोणात विभागून दिला. तो तात्पुरता आधार आहे. कायम सोडा लागतोय याचा अर्थ गव्हाण अजून चुकतेय.

नवव्या-दहाव्या दिवशी ३.२ दिसली, तिसऱ्या आठवड्यात ३.६. दूध लिटरभर उतरलं हे कबूल करतो. पण दोन किलो आंबोण वाचलं आणि कपात थांबली. वडिलांना गंजीतून रोज पेंढ्या निघताना बघवत नव्हतं. मग वहीवर मांडून दाखवलं की वाचलेल्या आंबोणाच्या पैशात पावसाळ्याचा कडबा विकत घेता येतो. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पेंढ्या त्यांनीच काढून ठेवल्या होत्या.

तुमचा प्रश्न उलटा असेल तर

वरचं वाचून कोणी कडबा वाढवायला धावू नका. आमच्याच गल्लीत एका काकांकडं देवणी गाय आणि म्हैस आहे, त्यांच्या म्हशीची फॅट सातच्या खाली जात नाही, पण दूध दोन लिटरवर येऊन थांबलं. गव्हाणीत नुसता कडबा. कडब्यात प्रथिनं तीन-चार टक्के, आणि जिवाणूंना स्वतः जगायलाच सात टक्क्यांच्या आसपास लागतात. जिवाणू उपाशी, म्हणून कडबा पचत नाही, म्हणून पोट रिकामं होत नाही, म्हणून म्हैस खात नाही. काका म्हणायचे, "वैरण म्होरं हाय, पण ती खाईना." तिथं किलो-दीड किलो सरकी पेंड किंवा पाच-सात किलो लसूण घास (प्रथिनांचा हिरवा चारा) हेच औषध. बांधावर शेवरी असेल तर उत्तम. सुबाभूळही चालतो, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत, त्यात मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि जास्त झालं तर केस झडतात.

कडबा किंवा सोयाबीनचं भुसकट बरंच असेल तर युरियाची प्रक्रिया करता येते. शंभर किलो कुट्टीला चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर शिंपडून, तुडवून, ताडपत्रीनं हवाबंद एकवीस दिवस. काढल्यावर वास उडेपर्यंत पसरून ठेवायचं आणि थोड्यापासून सुरुवात करायची. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला नाही. आणि युरिया पिण्याच्या पाण्यात किंवा आंबोणात कालवायचा प्रयोग कोणी सांगितला तर त्याला गोठ्यातून बाहेर काढा, जनावर तासाभरात मरतं.

चैत्र-वैशाखात एसएनएफ

फॅटचं मिटलं आणि मे महिन्यात एसएनएफ आठवर आला. चारा तोच होता. दोष पाण्यात निघाला. आमचा सिमेंटचा हौद उघड्यावर, दुपारी दोनला त्यात हात घातला तर चहा करता आला असता. गायी तोंड लावून मागं सरायच्या. दूध म्हणजे सत्त्याऐंशी टक्के पाणी, उन्हाळ्यात अशी गाय दिवसाला ऐंशी-शंभर लिटर पिते, आणि पाणी कमी प्यायली की चारा आपोआप कमी खाते. हौदावर उसाच्या पाचटाचं छप्पर टाकलं, दुपारचं पाणी रांजणातून दिलं. आणि चाऱ्याची वेळ हलवली: मोठा वाटा पहाटे पाचला आणि रात्री नऊनंतर, भर दुपारी गव्हाण रिकामी. पचनाची स्वतःची उष्णता असते, ती बेचाळीस अंशांच्या उन्हात कशाला वाढवायची. एसएनएफ ८.३ पर्यंत आला, पावसाळ्याआधी त्यापुढं गेला नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली त्या २०१६ च्या उन्हाळ्यात हा शंभर लिटरचा सल्ला कोणी दिला असता तर आम्ही हसलो असतो. ज्यांच्याकडं तशी टंचाई असते त्यांनी जनावर कमी करायचं की दूध, हे आधीच ठरवावं लागतं.

वाढे आणि लग्नाचं उरलेलं

गळीत हंगामात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, फुकट मिळतात, म्हणून तीन-चार महिने तेच. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर नेतं. गाय दिसायला ठीक असते, पण मुरते: माज मुका (येतो पण दिसत नाही), भरवली की उलटते (गाभण राहत नाही), व्यायल्यावर दूधतापानं आडवी होते. वाढे एकूण चाऱ्याच्या निम्म्याच्या आत ठेवा, चुन्याची निवळी शिंपडून द्या, आणि पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण रोज आंबोणात, तीस ग्रॅम मीठ वेगळं. भिंत चाटणं, दावं चघळणं, चिंध्या-प्लास्टिक खाणं हे बहुतेक वेळा फॉस्फरसच्या किंवा मिठाच्या कमतरतेचं लक्षण. जंताचं औषध झालंय ना तेही बघा. "सवय लागलीय" म्हणून मुसकं बांधू नका.

आणि लग्नसराई. पंगत उठली की उरलेला भात, पुऱ्या, बुंदी टोपल्यांनी गोठ्यात येते, अन्न वाया जाऊ नये हा हेतू. सवय नसलेल्या गायीनं टोपलंभर भात खाल्ला तर कोठीपोट रात्रीत आंबतं, पोट ताठ, दात खाणं, अंग थंड, सकाळी जनावर उठत नाही. हे घरगुती उपायाचं दुखणं नाही, त्याच वेळी डॉक्टर. दोन मुठींच्या वर शिळं शिजवलेलं नकोच.

हे सगळं करून तीन आठवड्यांत पावती हलली नाही तर गव्हाण सोडा आणि कास बघा. बाहेरून न दिसणारा कासदाह फॅट आणि एसएनएफ दोन्ही पाडतो, दूध किंचित खारट लागतं. चारही सडांचं दूध वेगवेगळं तपासून घ्या. आमच्या तिसऱ्या गायीचं डावं मागचं सड असंच निघालं, आणि तिच्यामागं मी दोन महिने कडबा-पेंडेचा हिशोब मांडत बसलो होतो.